चाकांवरचें घर आणि त्याचे सुटे भाग

गेल्या पांचसहा वर्षांत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एक नवी हौस शिरली आहे. २०२० सालच्या महामारीनें लोकांना घरांत कोंडलें. आणि दारें उघडलीं तेव्हां कित्येकांच्या मनानें घेतलें कीं, आतां हिंडावयाचें तें घर बरोबर घेऊनच. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घ्यावी, आंतील आसनें काढावीं, त्यांच्या जागीं पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि दिवे बसवावे, व मुलांबाळांसह भंडारदऱ्याचा जलाशय किंवा हरिश्चंद्रगडाचा पायथा गांठावा, असा हा बेत असतो. शिवाय हें काम कारखान्याकडे न सोंपवितां होईल तितकें स्वतःच्या हातानें करावें, अशीहि त्यांत ईर्षा असते. ज्या वर्गाला भिंतींत खिळा मारावयाचा तरी सुतार बोलवावा लागतो, त्या वर्गानें करवत हातीं धरावी, हें आम्हांस शुभचिन्ह वाटतें. तेव्हां पुढील टीका वाचून आम्ही या हौसेचे वैरी आहोंत असा समज कोणी करून घेऊं नये. हौस चांगली आहे. तिचा बाजारहाट मात्र चुकत आहे, आणि ही चूक केवळ पैशांची नसून प्रसंगीं जिवावर बेतणारी आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ज्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, परंतु ज्याला आमची जीभ सवयीनें अजून नगर जिल्हा म्हणते, त्या जिल्ह्यांतील असे चारसहा गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. गाडीचें काम कोठवर आलें म्हणून विचारावें, तर प्रत्येकाकडून तक्रार एकच येते : "गाडी मिळाली हो, पण सुटे भाग मिळत नाहींत." कोणते भाग, म्हणून खोलांत जावें, तर एक लांबलचक यादी पुढें येते. बारा व्होल्टांवर चालणारा फ्रिज जर्मनीचा, छपरांतला पंखा अमेरिकेचा, दुहेरी ॲक्रिलिकची खिडकी इटलीची, पाण्याचा पंप कोठला तरी तिकडचाच. फार काय, हिसक्यानें दार उघडूं नये म्हणून कपाटाला लावावयाची कडीसुद्धां साता समुद्रांपलीकडून यावयाची. यादी कशावरून केली, तर परदेशांतील हौशी लोकांच्या चित्रफिती पाहून. माल येईपर्यंत गाडी अंगणांत ताडपत्रीखालीं उभी. जकात भरून माल आला म्हणजे त्याचें माप बसत नाहीं. माप बसलें म्हणजे त्याचा एक स्क्रू कमी असतो. असें करतां करतां दोन पावसाळे निघून जातात आणि पत्र्याला गंज चढतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, येथें प्रश्नच चुकीचा मांडला जात आहे. भाग कोठें मिळतो हा प्रश्न दुय्यम. त्या भागाबद्दल जबाब कोण देणार, हा मुख्य. ज्या वस्तूबद्दल आपल्या टापूंत जबाब देणारा माणूस नाहीं, ती वस्तु कितीहि उत्तम असली तरी फिरत्या घरांत बसविण्यास लायक नव्हे. स्थिर घरांतील यंत्र बिघडलें तर आपण चार दिवस त्यावांचून काढतों; फिरतें घर मात्र बिघडतें तें नेमकें घाटांत, रात्रीं आणि पावसांत. आणि ही जबाबाची कसोटी आम्ही केवळ परदेशी मालाला लावून थांबणार नाहीं. ती गल्लींतल्या मिस्त्रीला, दुकानदाराला, स्वतः गृहस्थाला, आणि शेवटीं सरकारलाहि लावणार आहोंत.

एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनीं आपल्या गाडींत मोठ्या हौसेनें असा एक परदेशी फ्रिज बसविला होता. मे महिन्यांत ते सहकुटुंब भंडारदऱ्याकडे निघाले. पत्नीला मधुमेह, तिचें इन्शुलिन त्या फ्रिजमध्यें. अकोल्याच्या पुढें फ्रिज बंद पडला. त्या भागांत दूधसंकलनाचीं केंद्रें पुष्कळ, आणि त्यांचीं शीतयंत्रें दुरुस्त करणारे कारागीरहि आहेत; असा एक तरुण मोटारसायकलवरून आला, त्यानें मीटर लावून पाहिलें आणि म्हणाला, "सर, मशीन ठणठणीत आहे. याचं कार्ड गेलंय, आणि हे कार्ड आपल्याकडं कुठून येणार? साधा थर्मोस्टॅट असता तर तुमचा चहा होईपर्यंत चालू करून दिला असता." त्यानेंच डेअरींतून बर्फ आणून दिला, तो थर्मासमध्यें भरून, त्यावर कापडांत गुंडाळून औषध ठेवून, मंडळी तशीच माघारीं फिरलीं. विक्रेत्याचें उत्तर पुढें महिन्यानें आलें : फ्रिज खोक्यांत भरून आमच्याकडे पाठवा. त्या विक्रेत्याचें नांव घेण्याचें आम्हांस कारण नाहीं, कारण मुख्य दोष त्याचा नव्हेच. अकोल्याच्या त्या तरुणापाशीं विद्या होती, हत्यारें होतीं, येण्याची तत्परता होती. मास्तरांनीं जी वस्तु निवडली तिनें या तिन्ही गोष्टी निरुपयोगी करून टाकल्या.

आतां ज्या जिल्ह्यांत हें गाऱ्हाणें चाललें आहे त्याच्याकडे क्षणभर पाहूं. ज्या गाडीवर ही सारी हौस उभी आहे, तिच्या इतिहासाचा एक धागा नगरचाच आहे. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ सालीं निघाली, ती उभारणारे नवलमल फिरोदिया हे नगरचे. हँबुर्गच्या एका कारखान्याचें 'टेम्पो' हें व्यापारी नांव त्या कंपनीबरोबर इकडे आलें आणि मराठींत असें मुरलें कीं, आज खेड्यांतील आजीबाईहि कोणत्याहि लहान मालमोटारीला टेम्पोच म्हणतात. १९८७ च्या सुमारास त्याच कंपनीनें मर्सिडीझच्या एका गाडीच्या धर्तीवर ट्रॅव्हलर आणली. कंपनीचें नांव २००५ सालीं फोर्स मोटर्स झालें, तरी लोकांच्या तोंडीं गाडीचें जुनें नांव कायम आहे. नवलमलांचे बंधु हस्तिमल फिरोदिया यांची १९७२ सालची लूना ही तर प्रत्यक्ष नगरची. तात्पर्य, परदेशी यंत्र येथें आलें याबद्दल आमची तक्रार नाहीं. तें येथें रुजलें कां, हें पाहावें. ट्रॅव्हलरचा क्लच घासला तर संगमनेरास, कोपरगांवास, जामखेडास तो बदलून देणारा मिस्त्री आहे, आणि तो भाग दुकानांत आहे, म्हणून ती रुजली. गाडीच्या खालच्या भागाला जो न्याय आम्ही निमूटपणें लावतों, तो वरच्या भागाला लावावयाचें मात्र विसरतों.

वरच्या भागाचें साहित्यहि दाराशींच आहे. फक्त तें दुसऱ्या धंद्याच्या नांवानें विकलें जातें, म्हणून तें आम्हांस दिसत नाहीं. पाण्याचा पंप घ्या. पाठीवर बांधून पिकांवर औषध मारण्याचा जो बॅटरीचा फवारणी पंप आज शेतकऱ्यांच्या घरोघरीं झाला आहे, त्याच्या पोटांत बारा व्होल्टांवर चालणारा पडद्याचा लहान पंप असतो. परदेशी यादींतील पंप त्याच जातीचा. फरक टिकाऊपणाचा आणि किंमतीचा. जेथें कृषि विद्यापीठ आहे त्या राहुरीसच नव्हे, तर जिल्ह्यांतील कोणत्याहि बाजारगांवीं शेतीसाहित्याच्या दुकानांत तो सुटा मिळतो, आणि त्याचा पडदा फाटला तर पडदाहि मिळतो. तो नवा घ्यावा, औषधाला वापरलेला कदापि घेऊं नये, आणि पिण्याचें पाणी वेगळ्या भांड्यांत ठेवावें, एवढें पथ्य पुरे. पाण्याची टाकी घ्या. दूधधंद्यासाठीं ३०४ जातीचा गंजरोधक पोलादी पत्रा वांकवून आर्गन वेल्डिंगनें सांधणारे कारागीर या जिल्ह्यांत आहेत. दूध ज्यांत नासत नाहीं त्यांत पाणी नासेल काय? चाकावरच्या कमानीशीं जुळेल अशी तिरकी टाकी तो कारागीर तुमच्यासमोर बसवून देईल. परदेशच्या तयार टाकीला ही कमान ठाऊक नसते. छपराखालीं घालावयाचें उष्णतारोधक रबर वातानुकूलन यंत्रें बसविणाऱ्यांकडे गुंडाळ्यांनीं असतें. सरकती खिडकी बसगाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्यांकडे होते, आणि फुटली तर काच त्याच मापाची पुन्हां मिळते. मात्र ती कायद्यानें सांगितलेली सुरक्षा काच आहे हें तिच्यावरील छाप पाहून ठरवावें. दाराबाहेरची सावली मंडपवाला शिवतो, गादी गादीवाला भरतो, आणि हिसक्यानें न उघडणारी कडी ट्रकच्या फाळक्याला गेलीं कित्येक वर्षें लागत आली आहे. इतकें करूनहि जें उरेल, त्यासाठीं पुण्याची तपकीर गल्ली व भवानी पेठेंतला लांकूडबाजार आहे, मुंबईची लोहार चाळ आहे. तेथें एक दिवस पायीं हिंडावें. वस्तु हातांत घेऊन, वजन पाहून, दुकानदाराला चार प्रश्न विचारून घेतलेली खरेदी ही चित्र पाहून केलेल्या खरेदीहून निराळी असते, हें आमच्या आजीला समजत होतें.

आणि चाकांवरचें घर ही कल्पना तरी आम्हांस परदेशाकडून शिकावयाची होती काय? पाथर्डी-शेवगांवकडचीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, तीं सारा संसार गाडींत किंवा ट्रॉलींत घालून; सहा सहा महिने त्यांचें घर पालाखालीं असतें. गाडीलोहार तर पिढ्यान्‌पिढ्या गाडीसह गांवोगांव फिरत आले. त्यांचें हिंडणें पोटासाठीं आहे, आणि आमच्या सहलीशीं त्याची बरोबरी करणें ही त्यांची थट्टा होईल, हें आम्ही जाणतों. परंतु एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी खास आहे. वाटेंत ज्याची डागडुजी होणार नाहीं अशी एकहि वस्तु ते गाडींत घालीत नाहींत. गांवगाड्यांतील सुतार-लोहारांची रीत हीच होती. ज्यानें गाडीचा आंख बसविला, त्याच्याच दाराशीं ती गाडी मोडून परत यावयाची. त्याचें बलुतें त्यावर अवलंबून. त्या व्यवस्थेंत जातीचा जाच होता, अन्याय होता. ती गेली हें बरेंच झालें. परंतु तिच्याबरोबर वस्तूबद्दल जबाब देणारा माणूसहि जावा, असें कोणी ठरविलें नव्हतें.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा असल्यामुळें त्याचें उत्तर दिलें पाहिजे. "तुम्ही स्वदेशीचा जुना सूर आळवीत आहांत. गल्लींतला माल म्हणजे छाप नसलेला, पावती नसलेला, उद्यां जळणारा माल. त्यापेक्षां परदेशी काय वाईट?" आम्ही उत्तर देतों कीं, छाप नसलेला माल आम्ही सांगितलाच नाहीं. जबाबाची कसोटी दुधारी आहे. जो दुकानदार पक्की पावती देत नाहीं, तो जबाब द्यावयास तयार नाहीं. त्याचें दुकान दाराशीं असलें तरी तो आमच्या दृष्टीनें साता समुद्रांपलीकडेच बसला आहे. आणि तीन बाबी अशा आहेत कीं, तेथें मिस्त्रीचा अनुभव, गृहस्थाची हौस व दुकानदाराचा शब्द हीं तिन्ही अपुरीं. तेथें प्रमाणाचा छापच पाहिजे.

पहिली बाब गॅसची. पलंगाखालीं घरगुती सिलिंडर आडवा घालून त्यावरून ओट्यापर्यंत बागेची नळी नेलेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. सिलिंडर आडवा झाला म्हणजे वायूऐवजीं द्रव बाहेर येण्याचा धोका असतो. हा वायु हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. गळाला तर तो खिडकींतून निघून जात नाहीं, पाण्यासारखा तळाशीं सांचतो, आणि तळाशींच माणसें निजलेलीं असतात. म्हणून सिलिंडर उभा व घट्ट बांधलेला असावा, त्याचा कप्पा आंतून बंद असावा, त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारें भोंक असावें, नळी आयएस ९५७३ छापाची व मुदतींतील असावी, आणि प्रत्येक जोड साबणाच्या फेसानें तपासावा. पांच किलोचा लहान सिलिंडर उघड्या बाजारांत रीतसर मिळत असतां चवदा किलोचा घरगुती सिलिंडर गाडींत घालण्याची कांहीं एक गरज नाहीं.

दुसरी बाब विजेची. येथें आमच्या सुशिक्षितांचें गणित चुकतें, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें. एक हजार वॅटची शेगडी घरांत चारसाडेचार अँपिअर घेते. तीच बारा व्होल्टांच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत चालविली तर बॅटरीपासून नव्वदच्या आसपास अँपिअर ओढले जातात. घरांतील प्लगला घालतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तार या कामाला लावणें म्हणजे तारेची चूल करणें होय. त्याला बोटासारखी जाड केबल लागते, आणि बॅटरीच्या अगदीं खांद्याशीं फ्यूज लागतो. घरांतला साधा खटका येथें चालत नाहीं, कारण एकदिश प्रवाहाची ठिणगी तो खात्रीनें तोडूं शकत नाहीं. त्या प्रवाहासाठींच केलेला खटका घ्यावा. लार्सन अँड टुब्रोनें उभारलेला व आतां दुसऱ्या मालकीचा झालेला विजेच्या खटक्यांचा मोठा कारखाना ज्या नगरांत आहे, तेथील गृहस्थानें या बाबतींत अडाणी राहावें हें शोभत नाहीं.

तिसरी बाब आसनांची व वजनाची. माणूस बसतो तें आसन आणि त्याचा पट्टा ज्या बोल्टांवर धरलेले असतात, ते कारखान्यानें परीक्षा करून बसविलेले असतात. तें आसन हलवून दुसरीकडे वेल्डिंगनें चिकटविणें हें सुतारकाम नव्हे, जिवाशीं खेळ आहे. जितकीं माणसें प्रवास करणार तितकीं मूळ आसनें मूळ जागीं ठेवावीं, आणि चालत्या गाडींत पलंगावर मूल निजवूं नये. वजनाचा हिशेब तर कागदावर अर्ध्या तासांत होतो. आठ बाय चार फुटांचा अठरा मिलिमीटरचा प्लायवूडचा तक्ता सुमारें पस्तीस किलो भरतो. असे दहा तक्ते म्हणजे साडेतीनशें. त्यांत शंभर लिटर पाणी म्हणजे आणखी शंभर. दीडशें अँपिअर-तासांची जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते. तेरा माणसांच्या गाडींतून नऊ माणसें कमी केलीं तर त्यांचे सुमारें सहाशें किलो हाताशीं येतात. ते असे पाहतां पाहतां संपतात. मग घाटांत ब्रेक तापतात आणि दोष गाडीला दिला जातो. बारा मिलिमीटरचा तक्ता बहुतेक ठिकाणीं पुरतो. तो तेवीसचोवीस किलोंत बसतो. ओलाव्याच्या जागीं मात्र आयएस ७१० छापाचा घ्यावा.

येथवर आम्ही वाचकांस बोललों. आतां सरकारास बोलणें प्राप्त आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकानें करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें कलम १८२-अ आलें, ज्याअन्वयें नियमबाह्य बदलासाठीं मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. कडकपणाबद्दल आमची तक्रार नाहीं. वर सांगितलेल्या गॅसच्या नळ्या पाहिल्यावर ती कोण करील? तक्रार निराळीच आहे. खासगी वापराची कँपर व्हॅन हा वर्ग केंद्र सरकारच्या २००४ सालच्या वर्गवारींत मान्य आहे. अशा गाड्यांच्या सुरक्षिततेसाठीं एआयएस-१२४ हें प्रमाणहि आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हान पर्यटनाचें धोरण जाहीर करून लोकांस आवतण दिलें. म्हणजे वर्ग आहे, प्रमाण आहे, आवतण आहे. नाहीं तें दार. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ वा नियम गाड्यांचा नमुना परीक्षेस धाडावयास सांगतो, तो कारखानदारास आणि आयातदारास. आयुष्यांत एकच गाडी स्वतःच्या हातानें बांधणारा गृहस्थ त्या नियमाच्या ध्यानींमनींहि नाहीं.

आणि यांतील विपर्यास पाहावा. त्याच नियमांत ज्या परीक्षणसंस्थांचीं नांवें आहेत, त्यांपैकीं एक, संरक्षण संशोधन खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, नगरासच आहे. रणगाड्यांच्या जातीच्या गाड्या जेथें कसाला लागतात, त्या गांवच्या मास्तरांना आपल्या गाडींतील गॅसचा जोड बरोबर आहे कीं नाहीं हें विचारावयास दार नाहीं! जर्मनींत हौशी माणूस आपली एकटी गाडी परीक्षकांपुढें नेतो, ते ती तपासतात व बदल कागदांत चढवितात. ब्रिटनमध्यें मालक काम पुरें झाल्यावर छायाचित्रांसह नोंदणीकार्यालयास कळवितो आणि वर्ग बदलून मागतो; कार्यालय कधीं मान्य करतें, कधीं नाकारतें, पण उत्तर देतें. आमच्याकडे काय होतें? नोंदणीपत्रावर 'प्रवासी गाडी' आणि पोटांत स्वयंपाकघर, अशा स्थितींत माणसें चोरासारखीं हिंडतात. अपघात झाला आणि विमा कंपनीनें हात वर केले, तर तक्रार करावयास त्यांना तोंड उरत नाहीं. आणि जें काम लपवून करावयाचें, त्याचे भागहि लपूनच घेतले जातात : पावतीशिवाय, छापाशिवाय. कायदा कडक करून आम्हीं सुरक्षितता वाढविली नाहीं. ती अंधारांत मात्र ढकलली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. एकेकट्या गाडीची परीक्षा करण्याची सोय, ठरलेल्या फीनें व ठरलेल्या मुदतींत, परीक्षणसंस्थांनीं किंवा परिवहन कार्यालयांनीं करावी. गॅस, वीज, काच, आसन आणि वजन या पांच बाबींपुरती एक लहान मराठी पुस्तिका काढावी, म्हणजे कोणता छाप पाहावयाचा हें तालुक्याच्या दुकानदारासहि कळेल. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना हें काम शिकवून, तें केल्याबद्दल सही करण्याचा अधिकार व जबाबदारी द्यावी. अकोल्याच्या त्या तरुणाजवळ विद्या आहेच. तिच्याखालीं त्याची सही उमटूं द्यावी.

हें होईल तेव्हां होवो. तोंवर वाचकांनीं आपल्यापुरतें एक करावें. यादींतील प्रत्येक वस्तूपुढें किंमतीचा रकाना असतोच. त्याच्या शेजारीं दुसरा एक रकाना आंखावा, आणि ही वस्तु बंद पडली तर मीं कोणाला हांक मारावयाची, त्याचें नांव व गांव त्यांत लिहावें. जेथें तो रकाना कोरा राहील, ती वस्तु यादींतून काढावी. कांहींजणांची यादी यामुळें अर्ध्यावर येईल. येऊं द्या. आमचे मास्तर आतां पुन्हां निघाले आहेत. फ्रिज त्यांनीं साधा घेतला आहे, तो दिसावयास ओबडधोबड आहे, आणि थोडा आवाजहि करतो. परंतु त्याच्या दाराच्या आंतल्या बाजूला त्या तरुणाचें नांव आणि फोनचा आंकडा पेनानें लिहिलेला आम्हीं पाहिला, आणि त्यांच्या पत्नीच्या औषधाबद्दलची आमची काळजी मिटली.